सहा तास अठ्ठावीस मिनिटं

चौदाशे बारा रिंगिटचं फोनचं बिल चुकीचं आहे याची खोर बी सुआनला इतकी खात्री होती की पहिले दोन दिवस तिनं ते पर्समधून बाहेरसुद्धा काढलं नाही. आयुष्यात आपल्या वाट्याला आलेल्या बऱ्याच गोष्टी मुळात दुसऱ्या कुणाच्या असाव्यात आणि पत्ता चुकून आपल्या दारी आल्या असाव्यात, असं तिला फार पूर्वीपासून वाटायचं. त्यात हे आणखी एक. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती फोनच्या दुकानात गेली, नंबराची चिठ्ठी घेऊन बसली, आणि नंबर लागल्यावर काउंटरमागच्या मुलीला शांतपणे म्हणाली की मी थायलंडला गेले होते, तिकडे फोन वापरायचा तीन दिवसांचा पास घेतला होता, वापर जवळजवळ नाहीच, तेव्हा हे जरा बघ. मुलीच्या डोक्यावर फिका जांभळा स्कार्फ होता, छातीवर नाबिहा अशी पाटी होती, आणि तिचे खालचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. सुआनच्या नजरेत आधी हेच भरलं. ती सव्वीस वर्षं कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात आहे. तैपिंगमधली कितीतरी म्हातारी माणसं तिच्या हातचे दात लावून जेवतात आणि बाजारात भेटली तर तिला ओळखत नाहीत. तिलाही त्यांचे चेहरे ठाऊक नसतात, जबडे ठाऊक असतात, आणि माणसांशी एवढी ओळख तिला पुरत आलेली आहे.

नाबिहानं संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. पास बहात्तर तासांचा होता. आंटींनी तो सोमवारी संध्याकाळी, घरातून निघण्याच्या आदल्या दिवशीच घेऊन ठेवला, आणि घेतल्या क्षणापासून तास मोजले गेले. गुरुवारी संध्याकाळी ते संपले. तसा मेसेजही आला होता. सुआननं दिवस मोजले होते ते थायलंडात सुरत थानीला पोचल्यापासून. शहाणपणानं आधी घेऊन ठेवलं तेच अंगाशी आलं. पण तरीही, ती म्हणाली, शुक्रवारी सकाळी आईशी दहा मिनिटं बोलण्यापलीकडे मी फोनला हात लावलेला नाही, आणि दहा मिनिटांचे चौदाशे होत नाहीत.

"दहा मिनिटं नाहीत, आंटी," नाबिहा म्हणाली. "आठ वाजून बारा मिनिटांपासून दोन चाळीसपर्यंत सलग आहे. सहा तास अठ्ठावीस मिनिटं. एवढा डेटा व्हिडिओ कॉललाच जातो."

"कॉल तुटला होता. पडदा काळा झाला."

"तुटला असता तर आकडा थांबला असता इथे. आईंनी फोन कानाला लावला असेल. माझी आजीपण तसंच करते, व्हिडिओ कॉल आला की साध्या फोनसारखा कानाला. कॅमेऱ्यावर गाल येतो, की सगळं काळं."

आपल्या आजीच्या आठवणीनं ती जराशी हसली. मग बिलाचे तीन हप्ते करून देता येतील, अर्ज केला तर थोडं कमीही होईल, असं बरंच काही सांगत राहिली. सुआन मान हलवत होती. अर्जावर सही कुठं करायची ते तिनं दोनदा विचारलं. रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की चौदाशे रिंगिटबद्दल आपल्याला आता काहीच वाटत नाहीये, आणि जे वाटतंय ते इतकं मोठं आहे की त्याच्याजवळ जायला नको. ऊन लख्ख होतं. समोरच्या दुकानात एक माणूस लोखंडी तव्यावर नूडल्स परतत होता आणि त्याची बायको त्याला कसल्यातरी गोष्टीवरून सुनावत होती. आईनं ऐकलं, सुआनच्या मनात आलं. एवढंच वाक्य, पुढे काही नाही. मग ती कामावर परत गेली, कारण दीड वाजला होता.

तिचा भाऊ हिन गेला तो मेंदूतली रक्तवाहिनी फुटून, सत्तेचाळिसाव्या वर्षी, सुरत थानीच्या धक्क्यावर एका मासेमारी बोटीचं इंजिन उघडून बसलेला असताना. एकोणीस वर्षांपूर्वी दोन वर्षांत येतो म्हणून गेला होता. नववर्षाला सुकी कोळंबी पाठवायचा, मोठी, नारिंगी, बाजारात मिळत नाही अशी, आणि ती सूपमध्ये टाकताना त्यांची आई, मा, दर वर्षी म्हणायची की पोरगा विसरलेला नाही. कोळंबी पाठवायला काय लागतं, असं सुआन दर वर्षी मनात म्हणायची. तो गेल्याचं कळलं तेव्हा सगळं आपोआप ठरत गेलं. माला जाता येत नव्हतं. एकूणऐंशी वय झालं म्हणून नव्हे, काळ्या केसांना पांढऱ्या केसांनी पोचवायचं नसतं म्हणून. मुलाच्या पेटीपुढे, राखेपुढे आईनं उभं राहायचं नाही; ती घरात बसते, आणि बाकीचे जातात. बाकीचे म्हणजे सुआन. माचं म्हणणं एवढंच होतं की त्याला विमानानं आणू नकोस. हवेतून आणलं तर वाट कळत नाही, मागे राहतो. जमिनीवरून आण, वर काळी छत्री धर, आणि पूल लागला की हाक मार. हाक मारली नाही तर मेलेला माणूस पाण्यापाशी अडतो, त्याला वाटतं रस्ता संपला. सुआननं हो म्हटलं. ती या गोष्टी मानत नाही, आणि त्यावरून वाद घालण्याइतकं न मानणंही तिला कधी जमलेलं नाही.

तिथल्या तीन दिवसांत तिला आपला भाऊ जसा दिसला तसा तो तिला घरी कधी दिसला नव्हता. धक्क्यावरची माणसं त्याच्याबद्दल बोलताना हसत होती आणि डोळे पुसत होती. त्याच्या खोलीत एक पंखा, एक गादी, इंजिनाचे सुटे भाग आणि एक अतिशय गुबगुबीत मांजर होतं, ते शेजारणीनं ठेवून घेतलं. माचा फोटो नव्हता, सुआनचाही नव्हता. तिनं शोधला नाही, पण नव्हता हे पाहिलं. मठातल्या भिक्खूंनी राख पांढऱ्या मडक्यात घालून दिली, सुआननं ते लाल कापडात बांधून खांद्याच्या पिशवीत ठेवलं, आणि शुक्रवारी सकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढली. एक स्वतःचं, एक त्याचं. ही मात्र तिची स्वतःची कल्पना होती, आणि खिडकीतल्या कारकुनानं दुसरं माणूस कुठं आहे असं विचारल्यावर तिनं पिशवी वर करून दाखवली तेव्हा त्यानं हात जोडले.

गाडी सुटताच तिनं घरी व्हिडिओ लावला, कारण माला निघालेलं बघायचं होतं. गाडीच्या खडखडाटात ऐकू यावं म्हणून कानांत वायरी घातल्या. माचा चेहरा पडद्यावर फार जवळ आला होता, नुसतं कपाळ आणि एक डोळा. पहिला पूल आला. सुआननं पिशवीवर हात ठेवून हाक मारली, "आ-हिन, पूल आलाय, ओलांड." समोरच्या बाकावरची शाळकरी पोरं बघायला लागली. दुसरा पूल. पुन्हा हाक, जरा हळू. मग पडदा काळा झाला. मा दिसेना, तिचा आवाजही येईना. रेंज गेली असं समजून सुआननं कानातल्या वायरी काढल्या, न उपसता तशाच फोनाभोवती गुंडाळल्या आणि फोन हाताला लागेल तिथं, म्हणजे मांडीवरच्या पिशवीत मडक्याशेजारी सरकवून दिला. तिला सुटल्यासारखं झालं. कुणी बघत नाही म्हटल्यावर देवळातसुद्धा माणूस पाय पसरून बसतं. पुढच्या पुलावर तिनं हाक मारली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

आणि थुंग सोंग स्टेशनला पोरं उतरल्यावर, डब्यात जवळपास कुणी नाही असं बघून, ती पिशवीवर वाकून त्याच्याशी बोलली. हे बोलणं ती दुपारभर आठवत होती, हातात एका निवृत्त मास्तरांची वरची कवळी घेऊन, तिच्या कडा घासत. शब्द न शब्द आठवत होता, कारण इतकं सलग ती कधी कुणाशी बोललेली नाही. ती ओरडली नव्हती, रडली नव्हती. कारखान्यात सूचना देतात तशा आवाजात बोलली होती. की तू दोन वर्षं म्हणालास आणि मी मोजत बसले. की मांजर पाळायला तुला सवड होती. की माला आंघोळ कोण घालतं, रात्री चारदा कोण उठतं, तिच्या तोंडातून तुझं नाव ऐकत तिला घास कोण भरवतं, हे तू एकदाही विचारलं नाहीस. आणि मग, अगदी शेवटी, गाडी एका मोठ्या तांबूस नदीवरून जात असताना, नदीकडे बघत, "ती आधी गेली असती ना, हिन, तर आपण दोघंही सुटलो असतो." तिला ते वाक्य म्हणताना हलकं वाटलं होतं. नंतर शेंगदाण्याची पुडी घेऊन तिनं दाणे खाल्ले आणि ती झोपली. पदांग बेसारला, देशाच्या हद्दीवर, फोन काढला तर तो मेलेला. बॅटरी जुनी झाली, तिनं मनात नोंद केली.

फोनचं तोंड त्या पिशवीत, तिच्या तोंडाखाली वीतभर अंतरावर होतं. आणि दुसऱ्या टोकाला तो कानाला होता.

त्यानंतरचे सहा आठवडे आता एकदम वेगळे दिसायला लागले, आणि हेच तिला सहन होईना. माणूस दुःखानं शांत होतं असं तिनं धरलं होतं. माला रात्री हाका मारायची सवय होती, सुआन, पाणी. सुआन, कूस बदल. त्या हाका थांबल्या. गेल्या महिन्यात पहाटे सुआनला मोरीत आवाज आला, तर मा प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून स्वतःच अंगावर पाणी घेत होती, आणि भिंतीला धरून ठेवल्यामुळे तिच्या एका हातालाच साबण लागलेला होता. कशाला उठलीस, ती म्हणाली, जमतं मला. खायला जे वाढू ते खाते. पूर्वी माशात आलं कमी पडलं तर तीन दिवस ऐकवायची. "तुला सवड असेल तर" हे शब्द तिच्या तोंडात कधी नव्हते, ते आले. तुला सवड असेल तर नखं कापून दे. शेजारच्या रोहायानं तर परवाच कुंपणावरून विचारलं होतं की तुझी मा सिंपांगच्या वृद्धाश्रमाची चौकशी का करत होती, भांडलात का काय दोघी? सुआननं हसण्यावारी नेलं होतं. म्हातारी माणसं काहीही विचारतात, असं म्हणाली होती. आणि खोटं कशाला बोला, या सहा आठवड्यांत तिला बरं वाटत होतं. रात्रीची सलग झोप मिळत होती. भाऊ गेला तर घरात निदान शांतता आली, असंही एकदा मनात येऊन गेलं होतं. ती शांतता कुठून आली ते आज दुकानातल्या मुलीनं पडदा वळवून दाखवलं.

चार वाजेपर्यंत तिनं स्वतःला बरंच समजावलं. गाडीचा आवाज मोठा असतो. कापड जाड होतं. मानं फोन कानाला लावून बाजूला ठेवलाही असेल, बंद करायला विसरली असेल. म्हातारीला कुठं कळतं कॉल बंद झाला का चालू आहे. सहा तास कुणी फोन कानाला लावून बसत नाही. ही समजूत तिला पटत आली होती, इतक्यात मास्तरांच्या कवळीचा एक दात तिच्या बोटांत तुटला. सव्वीस वर्षांत असं दोनदा झालेलं. मालकांना सांगून ती लवकर निघाली. विचारायचं की नाही हा प्रश्न होता. न विचारता राहता येईल, हे तिला माहीत होतं. या घरात न विचारता एकोणीस वर्षं काढलेली आहेत. पण मग रोज सकाळी भिंतीला धरून एका हातानं आंघोळ करणारी ती बाई समोर दिसणार, आणि हे आपणच केलंय हे आपल्याला कळत राहणार. सुआनला लाज वाटत होती. लाज वाटते हे कबूल करायला तिला घराच्या गल्लीच्या तोंडापर्यंत यावं लागलं.

मा ओट्याशेजारी खाली बसून सुकी मासोळी निवडत होती. डोकं मोडायचं, पोटातला काळा दोरा काढायचा, उरलेला मासा भांड्यात. तिचे स्वतःचे दात काढून ठेवलेले होते. लवकर आलीस, ती म्हणाली. सुआननं पर्स अडकवली, चप्पल नीट लावली, पाणी प्यायली, आणि उभ्यानंच म्हणाली की मा, त्या दिवशी गाडीत फोन बंद झाला नव्हता. चालूच राहिला होता.

"हो," मा म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"माझ्या कानालाच होता की."

तिनं आणखी दोन मासे निवडले. मग आपण होऊन सांगायला लागली, वर न बघता, कालच्या बाजाराचं सांगावं तसं. तू दोन पुलांनंतर हाक मारायची थांबलीस. मला वाटलं पोरीला झोप लागली, चार दिवस धावपळ झाली. दोनचार वेळा फोनमधून तुलाही हाक मारून पाहिली, पण काही उत्तर नाही. मग म्हटलं, आपण मारू. पूल आला हे कळतं. गाडी पुलावर चढली की खालचा आवाज पोकळ होतो, उतरली की पुन्हा भरीव. तेवढंच ऐकत बसायचं, आणि पोकळ झाला की हाक मारायची. एकवीस पूल मोजले. रोहाया भात घेऊन आली तिला हातानंच बस म्हटलं, आणि मुतायलासुद्धा फोन कानाला धरूनच गेले. दुपारी फोन गप्प झाला तेव्हा समजले की हद्द आली. हद्दीपासून पुढे त्याला रस्ता ठाऊक आहे, लहानपणी तिथवर गेलेला होता.

सुआन स्टूल ओढून बसली.

"आणि मी जे बोलले ते?"

"ऐकलं."

"मग बोलली का नाहीस काही?"

"तू त्याच्याशी बोलत होतीस. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतंस?"

"हेच, की बरोबर आहे तुझं. आईनंच आधी जायचं असतं. रांग मोडली त्यानं." मानं भांड्यातले मासे बोटांनी सारखे केले. "आणि तू एवढी दमली आहेस हे मला कळलं नव्हतं. सांगायचं ना कुणीतरी. सिंपांगला विचारून ठेवलंय मी, पण तिथं सुकी मासोळी देत नाहीत म्हणे."

सुआनला वाटलं आता रडू येईल, पण आलं नाही. आला तो एक विलक्षण राग, की हिला दुखलेलं दिसत का नाही, ही भांडत का नाही. आणि रागाखाली कुठंतरी, ओळखीची नसलेली, या बाईबद्दल ओढ. कुठं जायचं नाही सिंपांगला, ती म्हणाली. हे तिनं इतक्या तुटकपणे म्हटलं की ते मायेचं वाटलं नसतं. माच्या मनात दुसरंच काही घोळत होतं, आणि ते सहा आठवडे घोळत असावं, कारण ते विचारताना तिनं प्रथमच हातातलं काम थांबवलं.

"एक विचारू का? तू बोलत होतीस तेव्हा मला गाडी ऐकू येईना, तुझाच आवाज. तेवढ्यात पूल आले असतील तर ते माझ्याकडून राहिले. तू मारली होतीस का हाक?"

मा तिच्याकडे बघत होती. तिच्या एका पापणीवर माशाचं खवलं चिकटलं होतं. मारली असती तर ती आपल्याला ऐकू आली असती, हे माला न कळण्यासारखं नव्हतं. तरी तिनं जागा ठेवली होती, मनात मारली, तोंडातल्या तोंडात मारली, काहीही म्हण. हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटल्यावर ही बाई आज रात्री झोपणार होती. सुआनला ती तांबूस नदी आठवली. पूल लांबलचक होता, खाली एक माणूस होडीत उभा राहून पाणी उपसून टाकत होता, आणि तो दिसत असताना ती ते वाक्य म्हणाली होती. त्याच्या आधी आणखी एक पूल होता, लहान.

"नाही मारली," ती म्हणाली. "दोन होते."

मानं मान हलवली. गाडी चुकलेल्या माणसाबद्दल बोलावं तशी म्हणाली, मग पुलापलीकडेच अडला असेल तो. मडकं देवळातल्या कोनाड्यात जाऊन सहा आठवडे झाले होते, भटजींनी सगळं म्हणून झालं होतं, दर पंधरवड्याला तिथं संत्री ठेवून येत होत्या. तो विषय दोघींपैकी कुणी काढला नाही. सुआननं हिशोब केला की शुक्रवारी अर्धा दिवस मागता येईल, शनिवारी पहाटे त्या नदीपाशी पोचता येईल. हे आपण खरंच ठरवतोय याचं तिला आश्चर्य वाटलं, पण फारसं नाही.

"जाऊन येते मी," ती म्हणाली. "या वेळी पास नीट बघून घेईन. तिथून फोन लावते तुला, तू कानाला धर."

"फोन इथंच ठेव," मा म्हणाली. "त्याच्याशी बोलायचं काही राहिलं असेल तर तेही बोलून घे. मी ऐकत नसले म्हणजे मोकळेपणी बोलशील."

"मग पूल आला हे तुला कसं कळेल?"

"मला कशाला कळायला हवं?" मानं पुढचा मासा उचलून त्याचं डोकं मोडलं. "हाक तू मारणार आहेस."